ऑगस्टमध्ये सगळे नऊ जिंकतात

ऑगस्ट लागला की ओमाहात (अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं आमचं शहर) कुणीही दोन माणसं भेटली तरी तिसऱ्या वाक्याला आकडा येतोच. आधी हवा किती दमट आहे ते होतं, मग यंदा मका कसा आलाय ते होतं (ज्याच्या घरातलं तीन पिढ्यांत कुणी शेतात गेलेलं नाही तोसुद्धा इथे मक्याबद्दल अधिकाराने बोलतो), आणि मग लगेच, "मग, यंदा किती?" किती म्हणजे नेब्रास्काची टीम बारापैकी किती मॅचेस जिंकणार. कुठली टीम, कुठला खेळ हे सांगावंच लागत नाही कारण या राज्यात दुसरी टीम नाही. म्हणजे व्यावसायिक मोठ्या लीगमधली एकही नाही, फुटबॉलची नाही, बास्केटबॉलची नाही, बेसबॉलची नाही. जे काय आहे ते लिंकनमधल्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम, हस्कर्स, आणि त्यांच्यावर वीसेक लाख माणसांचं सगळं प्रेम आणि सगळा संताप एकदम ओतलेला.

पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते ऐकून घेतात पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की पटलेलं नाही. कॉलेजची पोरं खेळतात आणि 85 हजार माणसं बघायला जातात? हो जातात. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 1962 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक होम मॅचला संपलेली आहेत, चारशेच्या वर मॅचेस सलग, आणि मॅचच्या शनिवारी ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं लोक अभिमानाने सांगतात आणि ते खरंही आहे. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, लंबगोल बॉलवाला, पायाने फारसा न खेळला जाणारा. नियम समजायला मला बराच वेळ लागला पण ऑगस्टच्या या चर्चेत भाग घ्यायला नियम यावेच लागतात असं नाही हे लवकर कळलं.

या चर्चेत एक आकडा फिरून फिरून येतो तो म्हणजे नऊ.

आमच्या शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, ते दरवर्षी नऊच म्हणतात. कोच कोण आहे, क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) कोण आहे, मागच्या वर्षी काय झालं, कशाशी काही संबंध नाही. "नाइन. मे बी टेन." सुरुवातीला मला वाटायचं वय झालंय, जुन्या आठवणीत रमलेत. मग एकदा इतिहास नीट वाचला तेव्हा लक्षात आलं की नऊ हा त्यांचा अंदाज नाहीच, ती त्यांची सवय आहे. 1969 ते 2001 अशी सलग 33 वर्षं नेब्रास्काने दरवर्षी कमीत कमी नऊ मॅचेस जिंकल्या. कमीत कमी! बॉब डेव्हनी यांनी 1970 आणि 71 ला नॅशनल टायटल आणलं, त्यांच्यानंतर टॉम ऑसबोर्न 1973 ते 97 अशी पंचवीस वर्षं कोच होते आणि त्यात एकाही सीझनला नऊच्या खाली गेले नाहीत, 94, 95 आणि 97 ला टायटलही जिंकली. आता विचार करा, माणूस पंचविशीत असल्यापासून साठीला टेकेपर्यंत दरवर्षी नऊ बघतोय. लग्न झालं नऊ, मुलं झाली नऊ, दुष्काळ पडला तरी नऊ. त्या माणसाला तुम्ही ऑगस्टमध्ये जाऊन स्प्रेडशीट दाखवणार की साहेब यंदा सहा पूर्णांक आठ?

आणि गंमत अशी की याच नऊपायी दोन कोच घालवले. फ्रँक सोलिक, ऑसबोर्नचेच शिष्य, 2003 चा रेग्युलर सीझन 9-3 (नऊ जिंकल्या, तीन हरल्या) असा संपला आणि त्यांना काढलं. तेव्हाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं (युनिव्हर्सिटीच्या खेळांचा प्रमुख) म्हणणं होतं की मी हा प्रोग्रॅम सामान्यपणाकडे घसरू देणार नाही. हे वाक्य इथे आजही लोक दात ओठ खात म्हणून दाखवतात. पुढे बो पेलिनी आले, 2008 ते 2014, सात सीझन, प्रत्येक सीझनला नऊ किंवा दहा विजय, आणि 2014 ला आयोवाला ओव्हरटाइममध्ये हरवून 9-3 केल्यावर दोन दिवसांत त्यांनाही नारळ. पेलिनी तोंडाने फटकळ होते, मोठ्या मॅचेस लाजिरवाण्या हरायचे, सगळं खरं. पण ज्यांनी नऊला नावं ठेवली त्यांना त्यानंतर नऊ एकदाच बघायला मिळाले, 2016 ला. पुढे 2017 ते 2023 चार, चार, पाच, तीन, तीन, चार, पाच असा पाढा. मला या सगळ्या प्रकरणात सोलिकबद्दल फार वाईट वाटतं, माझं त्या काळाशी काही देणंघेणं नसताना.

तर म्हणून माझं मत असं झालंय की ऑगस्टमधला आकडा टीमबद्दल काही सांगत नाही, तो सांगणाऱ्याने हे खूळ कुठल्या साली डोक्यात घेतलं ते सांगतो. आजोबा नऊ म्हणतात. माझ्या ऑफिसमधला चाळिशीचा एक जण, जो शाळेत असताना 95 ची टीम बघून वेडा झाला (ती टीम 12-0 होती आणि फायनलला फ्लोरिडाला 62-24 असं तुडवलं होतं), तो आधी "मी आता अपेक्षाच ठेवत नाही" म्हणतो आणि मग कॉफी संपायच्या आत आठवर येतो, पार्किंगमध्ये नऊवर. आणि आमच्या ओळखीतली मराठी घरातली एक मुलगी लिंकनला शिकते, तिचा जन्मच सोलिक गेल्यानंतरचा, ती शांतपणे म्हणते, "सिक्स काका. सिक्स झाले की बोल मिळतो, आय अ‍ॅम गुड." सहा जिंकले की सीझनच्या शेवटी एक जादा मॅच मिळते, बोल गेम, आणि 2016 नंतर नेब्रास्काला ती थेट 2024 ला मिळाली. त्या वर्षी विस्कॉन्सिनला हरवून सहावा विजय झाला तेव्हा पोरं मैदानात धावत गेली. आजोबांना ते टीव्हीवर बघून समजेचना की सहाला कसला आनंद करतायत ही.

आता हे नऊ येतात कसे ते बघा, कारण पद्धत सगळ्यांची सारखीच आहे. शेड्यूल पुढे घ्यायचं आणि वरून खाली एकेक मॅच बघत जायचं. पहिल्या दोन-तीन मॅचेस बाहेरच्या लहान टीम्सशी, विन विन विन. मग कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्याच गटातल्या टीम्सशी. नॉर्थवेस्टर्न? जिंकू. मिनेसोटा? गेल्या वेळी रेफरीने घात केला, यंदा जिंकू. मेरीलँड? त्यांचं काय आहे, जिंकू. ओहायो स्टेट? बरं हरू. मग उदार होऊन अजून एक-दोन हार मान्य करायच्या म्हणजे आपण किती तटस्थ आहोत ते दिसतं. बेरीज नऊ. बोर्डाच्या पेपरवरून घरी आल्यावर आई एकेक प्रश्न घेऊन मार्क मोजायची ना, याचे चार, याचे अर्ध्या पायऱ्यांचे तरी तीन देतीलच, आणि बेरीज कायम अठ्ठ्याऐंशी यायची आणि जूनमध्ये चौऱ्याहत्तर पडायचे, तसाच हा हिशोब.

यातली मेख गणिताची आहे आणि ती मला फार आवडते. समजा बारापैकी तीन मॅचेस जवळपास नक्की आहेत, शंभरात पंच्याण्णव वेळा जिंकू अशा. तीन अवघड, शंभरात तीस. आणि मधल्या सहा अशा की आपण किंचित सरस, शंभरात पंचावन्न. फॅन काय करतो, त्या सहाच्या सहा आपल्या खात्यात टाकतो कारण प्रत्येकीत आपण सरस आहोतच की! तीन अधिक सहा नऊ. पण नीट बेरीज केली तर नक्कीवाल्यांतून 2.85, मधल्यांतून 3.3, अवघडांतून 0.9, एकूण 7.05. म्हणजे सात. एकेका मॅचबद्दलचं त्याचं मत अजिबात चूक नसतं, आणि तरी एकूण दोनने जास्त. त्या पंचावन्नवाल्या सहाही मॅचेस जिंकायची शक्यता काढली तर शंभरात तीनसुद्धा येत नाही. हे मी एकदा टेलगेटला, म्हणजे मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून जी खाण्यापिण्याची जत्रा भरते तिथे, कागदी प्लेटच्या मागे लिहून समजावलं. चिली आणि सिनॅमन रोल एकत्र खाणारी माणसं (हो, तिखट बीन्सच्या रश्श्याबरोबर गोड रोल, इथे शाळेच्या डब्यापासून हीच जोडी) ती प्लेट बघून कौतुकाने हसली, आणि एक जण म्हणाला, छान आहे, पण मिनेसोटा आपण हरवतोय.

याहून मोठी गंमत सगळ्या कॉन्फरन्सची मिळून आहे. बिग टेन नाव, टीम्स अठरा (2024 ला पश्चिम किनाऱ्यावरच्या चार आल्या, नाव बदलायची तसदी कुणी घेतलेली नाही). प्रत्येकीच्या कॉन्फरन्समधल्या मॅचेस नऊ. म्हणजे एकूण मॅचेस 81, म्हणून विजयही 81 आणि पराभवही 81, देवाने ठरवलं तरी 82 वा विजय निघू शकत नाही. आता प्रत्येक गावातल्या फॅनने ऑगस्टमध्ये फक्त सहा-तीन असं माफक म्हटलं, की बेरीज 108. वरच्या 27 मॅचेस कुठून आणायच्या? पण आयोवा सिटीत कुणीतरी आत्ता या क्षणी नेब्रास्कासमोर विन लिहितोय आणि लिंकनमध्ये कुणीतरी आयोवासमोर, आणि दोघांनाही समोरचा भ्रमात आहे याची शंभर टक्के खात्री. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच, फक्त इथे अठरा भट आहेत.

बुकी लोकांना अर्थातच हे सगळं माहीत असतं. लास वेगासमधून सीझनच्या आधी प्रत्येक टीमचा एक आकडा निघतो, त्याच्यावर की त्याच्याखाली एवढंच तुम्ही सांगायचं. बऱ्याचदा त्याला अर्धा जोडलेला असतो म्हणजे बरोबरीचा प्रश्नच मिटतो, कुणीही अर्धी मॅच जिंकत नाही. नेब्रास्काचा आकडा अलीकडे बऱ्याच वर्षी साडेसातच्या आसपास निघाला. 2022 ला प्रत्यक्षात आले चार. 2024 ला रेग्युलर सीझनचे सहा. 2025 ला सात. म्हणजे दरवेळी खाली, आणि दरवेळी इथल्या माणसाने वर म्हटलेलं. नेब्रास्कात फोनवरून बेटिंग करायला परवानगी नाही, कसिनोत जावं लागतं, आणि राज्यातल्या कॉलेजची टीम घरी खेळत असेल तर त्या मॅचवर तर तिथेही नाही. पण ओमाहाची हद्द म्हणजे मिझुरी नदी आणि पलीकडे आयोवाचं काउन्सिल ब्लफ्स, तिथे 2019 पासून सगळं कायदेशीर, त्यामुळे लोक पुलावरून जातात, पलीकडे कुठेतरी पार्किंगमध्ये गाडी लावतात, फोनवर "वर" दाबतात आणि परत येतात. आयोवाच्या मातीत उभं राहून नेब्रास्कावर पैसे लावायचे, याच्याहून भाबडी श्रद्धा मी तरी पाहिली नाही. मी लावत नाही, तत्त्व वगैरे काही नाही, बायको बँकेचं स्टेटमेंट वाचते.

2022 चं थोडं सविस्तर सांगायला हवं कारण तिथे गणितवालेसुद्धा तोंडावर आपटले. आदल्या वर्षी, 2021 ला, टीम 3-9. आता बारापैकी नऊ हरलेली टीम म्हणजे भंगार असणार. पण त्या नऊच्या नऊ मॅचेस एक आकडी फरकाने गेल्या, सगळ्यात मोठी हार नऊ पॉइंट्सची, तीही ओहायो स्टेटकडून. मिशिगनकडून तीनने, मिशिगन स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये तीनने, ओक्लाहोमाकडून त्यांच्या घरी सातने. अख्ख्या सीझनचे पॉइंट्स जोडले तर नेब्रास्काने केले 335 आणि खाल्ले 272, म्हणजे 63 ने जास्तच केले, आणि तरी 3-9! हिशोब जाणणारे सगळे म्हणाले की असलं दुर्दैव दोनदा येत नाही, थोड्या फरकाच्या मॅचेस लांब पल्ल्यात निम्म्या निम्म्या वाटल्या जातात, पुढच्या वर्षी ही टीम आपोआप सात-आठ जिंकेल. तर्काने अगदी बरोबर आहे हे. मीही तेव्हा आठवर होतो.

मग ऑगस्टअखेर आयर्लंडला, डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी पहिली मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 28-17 असे पुढे, आणि कोच स्कॉट फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे बॉल लांब न मारता जवळच टाकायचा आणि आपणच परत पकडायचा, हरणारी टीम शेवटच्या मिनिटाला करते तो जुगार, तो यांनी अकराने पुढे असताना केला. बॉल नॉर्थवेस्टर्नला मिळाला आणि मॅच 31-28 ने गेली. फ्रॉस्ट म्हणजे इथलाच, वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावचा मुलगा, 97 च्या टायटल टीमचा क्वार्टरबॅक, 2018 ला कोच म्हणून आला तेव्हा लोकांनी ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. डब्लिननंतर दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये येऊन 45-42 असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. एक ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलर्सवरून पंचाहत्तर लाखांवर येणार होती. तीन आठवडेसुद्धा थांबवलं नाही कुणाला. एवढे पैसे टाकून एखाद्याला लवकर घरी पाठवतात तेव्हा त्यामागे हिशोब नसतो, आणि अशा गावात मी कागदी प्लेटवर एक्स्पेक्टेड व्हॅल्यू समजावत होतो.

2023 ला मॅट रूल कोच म्हणून आले. 5-3 पर्यंत गाडी आली, चारपैकी एक जिंकली की सहा. चारही हरले. तीन पॉइंट्स, तीन पॉइंट्स, ओव्हरटाइम, तीन पॉइंट्स. आयोवाने थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी 13-10 ने हरवलं आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी, पुन्हा 13-10. निम्म्या निम्म्याचा नियम नेब्रास्काला कुणी सांगितलेला दिसत नाही.

तरी गणितवाल्यांना पूर्ण शरण जावं असंही मला वाटत नाही, कारण इंडियाना. 2024 च्या उन्हाळ्यात पत्रकारांनी बिग टेनचा अंदाज केला त्यात इंडियाना अठरांपैकी सतरावी. नवा कोच आला, स्वतःच्या जुन्या लहान कॉलेजातून डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आला, आणि रेग्युलर सीझन 11-1. नेब्रास्का 5-1 अशा तोऱ्यात त्यांच्या घरी गेली तर 56-7. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात, अर्धी टीम सीझननंतर निघून जाते आणि नवी अर्धी येते, मग मागच्या वर्षावरून पुढच्याचं काय सांगणार कप्पाळ. त्याच वर्षी फ्लोरिडा स्टेट सीझनआधी देशात दहावी धरली होती, ती 2-10. तेव्हापासून इथल्या प्रत्येक नऊवाल्याकडे एक हुकमी पत्ता आलाय. काहीही आकडेमोड करा, शेवटी तो म्हणतो, "इंडियानाने केलंच ना?" यावर उत्तर नाही. फ्लोरिडा स्टेट कुणी काढत नाही.

एक जात मात्र मला आवडत नाही आणि ती म्हणजे मुद्दाम चार सांगणारे. "मी तर बाबा चार म्हणतो." आव असा की आपण फार वास्तववादी. वास्तवबिस्तव काही नाही, नोव्हेंबरमध्ये लागू नये म्हणून ऑगस्टमध्येच स्वतःला भूल देऊन घेतात. चार झाले तर मी म्हणालोच होतो, आठ झाले तर आनंदच, म्हणजे दोन्हीकडून सुरक्षित. त्यापेक्षा आजोबांचा नऊ परवडला, निदान दरवर्षी ते उघड्यावर उभे असतात आणि दरवर्षी भिजतात. आणि चारवाल्यांना नीट बघा, सप्टेंबरमध्ये पहिल्या दोन मॅचेस जिंकल्या की हेच आधी प्लेऑफच्या ब्रॅकेट्स (बाद फेरीचे तक्ते) काढतात.

आमच्या मराठी मंडळींमध्ये हे वेड हळूहळू आलं. आधीची पिढी शनिवारी स्टेडियमच्या गर्दीत अडकू नये म्हणून त्या दिवशी लिंकनकडे फिरकायची नाही, आय-80 हायवेवर लाल झेंडे लावलेल्या गाड्यांची रांगच असते सकाळपासून. मग पोरं शाळेत जायला लागली, लाल टी-शर्ट आले, मग पोरांचे बाप. आता परिस्थिती अशी आहे की इथल्या सार्वजनिक गणपतीची तारीख ठरवताना पंचांगाच्या शेजारी हस्कर्सचं शेड्यूल उघडलेलं असतं. चतुर्थी कधीही असो, कार्यक्रम शनिवारी, कारण हॉल आणि माणसं शनिवारीच मिळतात, आणि सप्टेंबरातल्या शनिवारी होम मॅच असेल तर ढोलपथकातली निम्मी पोरं गायब. बाहेरची मॅच असेल तर तारीख चालते पण वेळ ठरत नाही. कारण बऱ्याच मॅचेस किती वाजता सुरू होणार हे टीव्हीवाले जेमतेम बारा दिवस आधी सांगतात, कधी तर सहाच दिवस. सकाळी अकरा, दुपारी अडीच किंवा संध्याकाळी साडेसहा, तिन्हीपैकी काहीही. त्यामुळे आमंत्रणावर आरतीची वेळ "नंतर कळवू".

परवा गणपतीच्या मीटिंगला तारखेवरून सुरू झालं आणि आकड्यावर गेलं, जायचंच होतं. मोदकांची ऑर्डर, हॉलचं डिपॉझिट, साउंड सिस्टिम कुणाची, हे सगळं बाजूला. खजिनदार काका, ज्यांनी गेल्या वर्षीच्या हिशोबात अकरा डॉलर जुळत नव्हते म्हणून सगळ्यांना रात्री साडेदहापर्यंत बसवलं होतं, त्यांनी फोनवर शेड्यूल उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवत एकेक मॅच वाचायला लागले. ही जिंकू. ही जिंकू. ही घरी आहे ना, मग जिंकू. मी म्हणालो सात. काका म्हणाले, "सात कसे रे? मोज ना तूच, मी वाचतो."